मुख्य व्यवसाय काय लिहू? कोकणातल्या छोट्या शेतकऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संगमेश्वर तालुक्यातला. बारा वर्षं मुंबईत नोकरी केली, मग गावाला परत आलो. दर मे महिन्यात आमच्या पडवीत तेच तेच प्रश्न येतात, अर्धे मुंबईकर नातेवाईकांचे आणि अर्धे सर्व्हेचा फॉर्म घेऊन फिरणाऱ्या कॉलेजच्या पोरांचे. उत्तरं देऊन देऊन तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. क्रम असा काही नाही, जसं आठवलं तसं.

तुमचा मुख्य व्यवसाय काय?

हा प्रश्न मागच्या वर्षी एका पोराने माझ्या आत्याला विचारला. आत्या रातांबे, म्हंजे कोकमाची फळं, फोडत बसलेली, हात कोपरापर्यंत लाल. ती म्हणाली, "कुठल्या महिन्यातला सांगू?" पोरगा हसला आणि फॉर्मवर 'शेती' लिहून मोकळा झाला, कारण तिथे एकच चौकोन होता.

पण आत्याने खरंच विचारलं होतं. तिचं वर्ष बघा. जून-जुलैत भात, तीस-पस्तीस गुंठे, त्यात अर्ध्या दिवसांची लावणी दुसऱ्यांच्या खाचरात कारण ते तिच्याकडे येतात म्हणून ही त्यांच्याकडे जाते. भात कापून झालं की त्याच ओलीवर कुळीथ आणि चवळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काजू बी वेचायची, स्वतःची थोडी आणि शेजारच्या बागेतली रोजाने. एप्रिल-मे रातांबे. मध्ये दोन शेळ्या, एक पाडी. मुलगा लोट्याला एमआयडीसीत कंत्राटी कामाला, सून बचत गटाच्या कुळीथ पिठाच्या ऑर्डरी बघते, आणि गणपतीत मुंबईहून दीर येतो तो किराणा भरून जातो. आता ह्यातलं मुख्य काय ते तुम्हीच सांगा.

पण शेतकरी म्हटल्यावर जास्त पैसा शेतीतूनच येत असेल ना?

नाही. आणि हे फक्त कोकणाचं नाही बरं का. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१८-१९ ची देशभरातली आकडेवारी काढली त्यात शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरी-पगारातून ४,०६३. म्हणजे देशातला सरासरी शेतकरी आधी मजूर-नोकरदार आणि मग शेतकरी. जनावरांतून १,५८२ आले, उरलेलं किरकोळ धंदा आणि जमिनीचं भाडं. मला तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा आश्चर्य नाही वाटलं, बरं वाटलं, की चला आपल्याच घरात असं आहे असं नाही.

छोटा शेतकरी म्हंजे किती जमीनवाला?

सरकारी हिशोबात एक हेक्टरच्या आत म्हणजे अडीच एकराच्या आत असेल तर अत्यल्पभूधारक, एक ते दोन हेक्टर म्हणजे अल्पभूधारक. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातली ८६ टक्के खाती ह्या दोन गटांतली होती आणि सरासरी जमीन १.०८ हेक्टर. आमच्याकडे मात्र एकर-हेक्टर कुणी बोलत नाही, गुंठ्यात बोलतात. आणि त्या गुंठ्यांचेही प्रकार. मळ्याची जमीन वेगळी, उतारावरची हलकी वरकस वेगळी, नुसत्या खडकाचा कातळ वेगळा. पाच एकर कातळ असलेला माणूस कागदावर वीस गुंठे मळा असलेल्यापेक्षा मोठा दिसतो, पण भात कुणाच्या घरात जास्त येतं ते गावाला माहीत असतं.

कोकणात एवढा पाऊस पडतो, तुमची शेती कोरडवाहू कशी?

हा प्रश्न घाटावरचे पाहुणे हमखास विचारतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. पण तो चार महिन्यांत पडतो, आणि सह्याद्रीपासून समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर, उतार तीव्र, खाली जांभा दगड, त्यामुळे पाणी आलं तसं पळतं. जुलैत जो पऱ्या, म्हंजे ओढा, ओलांडता येत नाही त्याच्यात फेब्रुवारीत पोरं क्रिकेट खेळतात. एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्याच काही वाड्यांना टँकर लागतो. पावसाळा संपला की वनराई बंधारे घालतात, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरून पऱ्यात अडवतात, त्याने विहिरीला थोडा दम येतो. पण सिंचन म्हणावं असं बहुतेकांकडे काही नाही. पिकं पावसावर किंवा उरलेल्या ओलीवर. ह्यालाच कोरडवाहू म्हणतात.

आता पुस्तकाच्या हिशोबाने आम्ही अवर्षणप्रवण नाही. माण, खटाव, आटपाडी, सांगोला हे खरे दुष्काळी, तिथे वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटर, आणि तोही कधी येईल कधी दडी मारेल. आमचा पाऊस येतो नक्की, फक्त थांबत नाही आमच्यासाठी.

मग त्या दुष्काळी भागाशी तुमची तुलना कशाला?

कारण घर चालवायची रीत सारखी आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट ह्या संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि कळमण, अकोल्यातल्या कंझारा आणि किनखेडा अशा गावांत त्याच त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाऊन वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या. तोपर्यंत कोरडवाहू शेतकरी म्हटलं की एक बाजरी-ज्वारीवाला गरीब माणूस एवढंच चित्र डोळ्यासमोर यायचं. नोंदी बघितल्या तर एकाच गावात कोण काय करतो ते घराघरात वेगळं. जमिनीचे तुकडे लांब लांब, एक भारी मातीत एक हलक्यात, मिश्र पिकं, मजुरी, शेळ्या, उसनवारी.

आणि मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हंजे शाळू. सोलापूरकडे भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पीक न घेता रान मोकळं ठेवतात आणि मातीत साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी काढतात. रायगडात भात निघाल्यावर वाल टाकतात तेही तसंच, ना पाणी ना काही, जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव. त्याच वालाच्या शेंगांची जानेवारी-फेब्रुवारीत पोपटी लागते, म्हंजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा भाजतात. तिकडचा हुरडा आणि इकडची पोपटी, दोन्ही ओलीवरच्या पिकाच्या पार्ट्या. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही.

शिवाय नातं प्रत्यक्ष पण आहे. पारनेरच्या ढवळपुरीकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात येतात. कापलेल्या भाताच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, शेताला लेंडीखत, धनगराला त्याबदल्यात धान्य किंवा पैसे. पाऊस यायच्या आत परत वर. त्यांचं दुष्काळी गाव आणि आमचं पावसाचं गाव, दोन्ही मिळून त्यांचं एक वर्ष होतं.

सातबाऱ्यावर एवढी नावं कशी असतात?

आमच्या एका सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत. कारण सोपं, पणजोबा वारले, वाटप झालं नाही, मुलं मुंबईला, नावं लागत गेली. कसतो एकजण, नावं सगळ्यांची. कर्ज, अनुदान, नुकसानभरपाई काहीही काढायचं तर सगळ्यांच्या सह्या आणि त्यातला एक चुलता अबोला धरून बसलेला. त्याआधीचा इतिहास खोतीचा. कूळ कसणार आणि खोत धान्य नेणार. त्याविरुद्ध अलिबागजवळ चरीला १९३३ पासून शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा संप केला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, सहा वर्षांच्या आसपास चालला. जमीन पडीक ठेवली आणि लोकं लाकूडफाटा विकून, मासे मारून, मोलमजुरी करून जगली. १९३७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, प्रत्यक्ष कायदा १९४९ ला झाला. मग कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसेल त्याची जमीन. तेव्हा हातात आले ते तुकडे, आणि पुढे तेच वाटत गेले.

सगळेच हापूस का लावत नाहीत?

लावले की. १९९० पासून रोजगार हमीशी जोडून फळबागेला शंभर टक्के अनुदान आलं तेव्हा कोकणातल्या कातळावर सुरुंग लावून खड्डे मारून कलमं लागली, आज दिसते ती बरीचशी आंबा-काजूची हिरवळ त्या वेळची. पण हापूस हे श्रीमंताचं पीक आहे असं माझं मत झालंय. एक वर्ष येतो एक वर्ष रुसतो. थंडी वेळेवर पडली तर मोहोर, मोहोरावर तुडतुडे, फुलकिडे, फवारण्यांवर फवारण्या, मग रखवाली, काढणी, पेटी, वाशीचं मार्केट, आणि पट्टी, म्हंजे दलालाचा हिशोब, आली की कळतं काय राहिलं ते. शंभर कलमं असलेला माणूस हे झेलतो, त्याच्याकडे राखणीला आणि बागेच्या कामाला नेपाळी गडी असतात. पंधरा कलमंवाला फवारणीचा पंप घ्यायचा की भाड्याने आणायचा ह्यातच अडकतो. म्हणून तो मोहोर बघून बाग कराराने देऊन टाकतो, एकरकमी पैसे घेतो. लोक म्हणतात आळशी आहे. आळशी नाही, त्याने धोका विकलाय.

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते चांगलंच झालं. पण पंधरा कलमंवाल्याच्या पट्टीत अजून काही फरक दिसत नाही.

काजू सोपा असतो ना?

आंब्यापेक्षा सोपा, हो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जातींनी, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७, खूप घरांना हात दिला. बी सुकवून ठेवता येते, आंब्यासारखी दोन दिवसात निर्णय घ्या अशी घाई नाही, अडचण आली की पाच किलो विकून डॉक्टरचे पैसे देता येतात. ती आमची बँकच. बोंडू मात्र बहुतेक जागीच कुजतात, गोव्यात त्याची फेणी होते आणि आमच्याकडे वास.

रातांब्याचं एवढं काय ते?

पैशात बघितलं तर फार नाही. पण बघा, एप्रिल-मेमध्ये भाताचा पैसा संपलेला असतो, बियाणं-खताचा खर्च समोर, शाळेच्या वह्या समोर, आणि नेमका तेव्हा रातांबा पिकतो. झाड कुणी लावलेलं नसतं बहुतेकदा, बांधावर आपोआप आलेलं. फळ फोडायचं, बी आणि गर वेगळा, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात, संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात, असं पाच-सहा दिवस, तेव्हा आमसूल काळं पडतं. बियांपासून मुठेल निघतं, टाचेच्या भेगांना. आणि एक वळीव आला तर सगळं बुरशीला. मागच्या मे महिन्यात दुपारी चार वाजता आभाळ भरलं तेव्हा आत्या, सून, मी आणि तो सर्व्हेवाला पोरगा, चौघं मिळून पत्र्यावरची आमसुलं टोपल्यात भरत होतो, त्याचा फॉर्म भिजला. त्या आमसुलांचे जे पैसे आले त्यात भाताचं बियाणं आलं.

नाचणी-वरी अजून करतात का लोक?

कमी. वरकस उतारावर, राब भाजून, म्हंजे पालापाचोळा जमिनीवर जाळून, हाताने लावायची, मेहनत मरणाची. त्यात माकडं.

माकडांचं खरंच एवढं आहे?

हो. माकडं आणि रानडुक्कर. पोरं मुंबईला गेली, राखणीला माणूस राहिला नाही, तेव्हा आधी नाचणी सुटली, मग परसातली भाजी, मग रताळी. गावात किती पिकं राहिली ते कृषी खात्याआधी माकडं ठरवतात.

बायकांचं काम कशात धरता?

धरतच नाही कोणी, तीच तर बोंब आहे. जमीन पुरुषाच्या नावावर, मग शेतकरी तो. लावणी, बेणणी म्हंजे तण काढणं, काजू वेचणं, रातांबे, शेळ्या, खाडीकाठच्या गावात ओहोटीला कोयती घेऊन कालवं काढणं आणि मुळे नावाचे शिंपले गोळा करणं, सुकं म्हावरं आठवडी बाजारात विकणं, हे सगळं बाईचं आणि हे सगळं 'घरकाम' ह्या रकान्यात. पुन्हा मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हंजे खलाशी घरी बसलेला असतो त्या दोन महिन्यांत घर काय खातं, तर बायकोने मे महिन्यात सुकवून ठेवलेलं.

मुंबईच्या पैशावरच कोकण जगतं, हे खरं?

अर्धं खरं. मनीऑर्डरवर गाव चाललं हे कुणी नाकारत नाही. पण उलटं पण बघा ना, गिरणीत त्या पगारात माणूस टिकला कारण गावाहून तांदूळ, कुळीथ, नारळ जायचे आणि म्हातारी-पोरं गावाला सांभाळली जायची. म्हंजे गावाने गिरणीला पण पोसलं. जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी बंद पडल्या तेव्हा परत आलेली माणसं ह्याच गुंठ्यांवर बसली. माझे काका त्यातले, लूमवर काम केलेला माणूस, त्याला नांगर धरता येईना म्हणून लोकं हसायची, दोन वर्षांत तो गावातला सगळ्यात चांगला कलमं बांधणारा झाला. २०२० ला पुन्हा तेच, लॉकडाऊनमध्ये लोकं आली आणि गाव पुरलं, कसंबसं.

इतकी वेगवेगळी कामं असणं म्हंजे चांगलंच की, धोका वाटला जातो?

इथे मला जरा भांडायचंय. शहरातले अभ्यासक हे ऐकून खूश होतात, विविधता, विविधता. पण एकाच वाडीत दोन घरं घ्या. एका घरात मास्तरांची पेन्शन, त्यावर बाग, बागेच्या पैशातून पाहुण्यांसाठी दोन खोल्या, मे महिन्यात पर्यटक. दुसऱ्या घरात भात, रोजगार, काजू वेचणी, चिरेखाणीवर हमाली. मोजायला गेलात तर दोघांकडेही चार-चार कामं, फॉर्मवर दोघंही 'वैविध्यपूर्ण'. पहिल्याने कामं जोडली कारण पैसा होता. दुसऱ्याने जोडली कारण एकही काम पुरत नाही. आणि कातकरी वाडी बघा, त्यांच्याकडे तर जमीनच नाही बहुतेकांच्या नावावर, दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर, उचल घेऊन, पोरांची शाळा बुडते. घाटावरून ऊसतोडीला जातात ते ह्याच प्रकारचं स्थलांतर. ह्याला विविधता म्हणायचं असेल तर म्हणा, मी नाही म्हणणार.

माझं म्हणणं एवढंच की किती कामं आहेत ते मोजू नका, त्यातलं एखादं काम तो माणूस सोडू शकतो का ते विचारा. पेन्शनवाला काजू सोडू शकतो. आत्या रातांबे सोडू शकत नाही.

वादळात काय झालं?

३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर आलं, दापोली-मंडणगडही झोडपलं. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. भात गेलं तर पुढच्या वर्षी परत लावता येतं, सुपारी नव्याने लावली तर पाच-सहा वर्षं थांबायचं. त्या वर्षी ज्यांचं सगळं वाडीवर होतं ते बसले, ज्यांच्याकडे थोडं भात, थोडी होडी, मुंबईत एक पोरगा असं होतं ते रडले पण उठले. लगेच पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते, तेव्हा झाडावर असलेला आंबा गेला.

विमा नसतो का?

असतो, फळपिकांचा हवामानावर आधारित. पण पैसे मिळतात ते तुमच्या झाडावर काय झालं त्यावर नाही, हवामान केंद्राच्या यंत्रात काय नोंदलं त्यावर. आमचं केंद्र आहे खाली खाडीकडे आणि बाग वर कातळावर. एका वर्षी अवकाळीने मोहोर काळा पडला, केंद्रावर म्हणे तेवढा पाऊसच नाही. ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाले, आकडा बघा. मी मोहोराची डहाळी घेऊन गेलेलो, ती तशीच घेऊन परत आलो.

विद्यापीठाचा काही उपयोग होतो का?

होतो, उगाच नावं ठेवू नये. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. भाताच्या जाती, रत्ना आणि सिंधू आंबा, कोकण कन्याळ शेळीवरचं काम, हे तिकडचंच. आमची अडचण वेगळी आहे, सल्ला पिकाप्रमाणे मिळतो. भातवाला भाताचं सांगतो, आंबावाला आंब्याचं. आता भात कापणी आणि बागेची साफसफाई एकाच पंधरवड्यात येते, माणसं दोन आहेत, कुठलं आधी, ह्याचं पत्रक अजून कुणी काढलेलं नाही.

मुंबई सोडून गावी शेती करायचीय, कुठून सुरू करू?

आधी सातबारा काढा आणि त्यावर किती नावं आहेत ती मोजा, त्यातली कितीजण तुमच्याशी बोलतात तेही. मग पहिलं वर्ष काही लावू नका, घरातल्या माणसांबरोबर कामं करा, कुठल्या महिन्यात पैसा येतो आणि कुठल्या महिन्यात उसनवारी होते ते वहीत लिहा. बहुतेक घरांत ऑगस्ट वाईट असतो. त्या रिकाम्या महिन्याला काही जमतंय का बघा, कोंबड्या, शेळी, पिठाची ऑर्डर, काहीही. थेट पाचशे कलमांचा प्लॅन घेऊन येऊ नका, असे चारजण माझ्या ओळखीत आहेत, तिघं परत गेले.

आणि विकत जमीन घेणार असाल तर एजंट विहीर नोव्हेंबरात दाखवेल, तेव्हा काठोकाठ असते. हो-हो म्हणा, चहा प्या, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास न सांगता एकटे जाऊन परत बघा.